मध्यवर्ती हॉटेल म्हणजे नेमकं कुठलं?

युरोपातल्या एखाद्या शहरात तीन-चार दिवस राहायचं, तर हॉटेल कुठल्या भागात घ्यावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. ‘मध्यवर्ती’ या एका शब्दाने बऱ्याच जणांना गोंधळात टाकलेलं दिसतं.

प्रश्न : एक हॉटेल ‘केंद्रापासून दीड किलोमीटर’ आणि दुसरं ‘केंद्रापासून सव्वाचार किलोमीटर’ असं बुकिंगच्या साइटवर दिसतं. दुसरं बरंच स्वस्त आहे. तरीही जवळचंच घ्यावं ना?

आकडा पाहून ठरवू नका. साइटवरचं अंतर बहुतेक वेळा सरळ रेषेत मोजलेलं असतं, आणि तेही साइटने स्वतः ठरवलेल्या एका बिंदूपासून. मध्ये नदी आहे, टेकडी आहे की रेल्वेचे रूळ, याचा त्या आकड्याला पत्ता नसतो.

दोन शहरं शेजारी ठेवून पाहा. लिस्बनमधला ग्रासा हा भाग नकाशावर शहराच्या मध्यावरच्या रोसियू चौकाच्या अगदी उशाशी दिसतो. प्रत्यक्षात तो टेकडीवर आहे, तिथे मेट्रो नाही, आणि २८ नंबरची ट्राम पर्यटकांनी इतकी भरलेली असते की बॅग घेऊन चढणं मुश्कील. याउलट व्हिएन्नात डॅन्यूबपलीकडचं काइझरम्यूलेन सेंट स्टीफन कॅथीड्रलपासून चार किलोमीटरहून जास्त लांब आहे, पण यू१ मेट्रोने गाडी न बदलता साधारण दहा मिनिटांत तुम्ही कॅथीड्रलच्या दारात उतरता. शहराच्या मध्यावर यातलं कोण, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून किलोमीटर सोडा आणि मिनिटं मोजा. हॉटेलचा पूर्ण पत्ता नकाशात टाका, सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय निवडा आणि तीन वेळा शोध घ्या : कामाच्या दिवशी सकाळी नऊ, रविवारी सकाळी आठ आणि रात्री साडेअकरा. प्रत्येक वेळी दोन गोष्टी बघायच्या. हॉटेलच्या दारापासून स्थानकापर्यंत चालायला किती वेळ लागतो आणि गाडी किती वेळा बदलावी लागते. आमचा हिशेब सरळ आहे : चालणं सात मिनिटांच्या आत, गाडी बदलणं शून्य, प्रवास पंधरा मिनिटांपर्यंत. इतकं जमलं की हॉटेल मध्यवर्ती. चालणं बारा मिनिटांचं झालं की दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकण्याचा बेत आपोआप बारगळतो, कारण दिवसाच्या चार फेऱ्यांत पाऊण तास तिथेच जातो.

गाडी बदलण्याबद्दल आम्ही इतके हट्टी का, तर नकाशा त्याला दोन-तीन मिनिटं देतो आणि मोठ्या स्थानकांत ती पुरत नाहीत. पॅरिसच्या शातले स्थानकात एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना भुयारातून इतकं चालावं लागतं की सात-आठ मिनिटं सहज मोडतात. स्थानक जमिनीखाली किती खोल आहे, याचाही विचार करा. प्रागचं नामेस्ती मीरू स्थानक जमिनीखाली ५३ मीटरवर आहे आणि तिथला सरकता जिना ८७ मीटर लांब आहे. तिथून जुन्या शहराजवळचं स्तारोमेस्त्स्का हे ए मार्गावरचं तिसरंच स्थानक, त्यामुळे जागा उत्तम, पण खाली-वर करण्याची दोनेक मिनिटं आपल्या हिशेबात धरायची.

रात्रीचा शोध टाळू नका. कोपनहेगनची मेट्रो चोवीस तास चालते. व्हिएन्नाची शुक्रवारी, शनिवारी आणि सुटीच्या आदल्या रात्रीच रात्रभर असते. इतर बऱ्याच शहरांत मध्यरात्रीनंतर रात्रीच्या बसवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्या बसचा थांबा मेट्रोच्या दारातच असेल असं नाही.

प्रश्न : नुसत्या पत्त्यावरून भाग ओळखता येतो का?

काही शहरांत अगदी सहज, पिनकोडवरून.

पॅरिस : कोड ७५ने सुरू होतो आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे विभाग, फ्रेंचमध्ये आरोंदिस्माँ. ७५००४ म्हणजे चौथा, ७५०११ म्हणजे अकरावा. (सोळाव्याचा काही भाग ७५११६ लिहितात.) विभाग गोगलगाईच्या शंखासारखे पहिल्यापासून घड्याळाच्या दिशेने बाहेर फिरत जातात. म्हणून नववा आणि दहावा मध्याला चिकटून आहेत, तर बारावा थेट शहराच्या पूर्व कडेपर्यंत पसरलेला. कोड ७७, ९२, ९३, ९४ किंवा ९५ने सुरू होत असेल तर ते हॉटेल पॅरिस शहरात नाही, नावात ‘पॅरिस’ कितीही ठळक असो. ९५७०० म्हणजे विमानतळाशेजारचं रुआसी. शहराबाहेरचं सगळंच टाकाऊ असंही नाही. मेट्रो दारात असेल तर ९२मधलं हॉटेलही चालतं. फक्त ते डोळे उघडे ठेवून घ्या.

व्हिएन्ना : चार आकडी कोडचे मधले दोन आकडे बघा. १०१० म्हणजे पहिला विभाग, जुन्या शहराभोवतीच्या रिंगश्ट्रासे या रस्त्याच्या आतला. १०७० म्हणजे सातवा, आणि आमच्या मते तीन दिवसांच्या मुक्कामाला सगळ्यात सोयीचा : नॉयबाऊगास्से स्थानकावरून यू३ने कॅथीड्रल तिसरं स्थानक.

बुडापेस्टमध्येही मधलेच दोन आकडे. १०५१ म्हणजे पाचवा विभाग, संसद आणि नदीकाठ. सातव्यातली, म्हणजे १०७ने सुरू होणाऱ्या कोडची हॉटेलं स्वस्त दिसतात. त्याचं एक कारण म्हणजे पडक्या वाड्यांत थाटलेले तिथले प्रसिद्ध बार, जे पहाटेपर्यंत जागे असतात. विमानतळावरून येणारी १००ई बस थेट देआक फेरेन्त्स चौकात सोडते. तिथे मेट्रोचे पहिले तीन मार्ग एकत्र येतात, तेव्हा त्या चौकापासून सात मिनिटांच्या चालीत जे मिळेल ते बिनधास्त घ्या.

बर्लिनला मात्र ही युक्ती लावू नका. शहर अनेक वर्षं दोन भागांत वाटलेलं होतं, त्यामुळे त्याला मध्यही दोन आहेत : पूर्वेकडचं मिट्टे आणि पश्चिमेकडचा झू स्थानकाचा परिसर. काय पाहायचंय त्यावर बाजू ठरते.

प्रश्न : रेल्वे स्टेशनजवळचं हॉटेल घ्यावं का?

फ्लोरेन्समध्ये जरूर. सांता मारिया नोव्हेला स्थानकातून मुख्य कॅथीड्रल चालत दहा मिनिटांवर आहे. ब्रुसेल्समध्ये नीट बघून घ्या : आंतरराष्ट्रीय गाड्या मिडी स्थानकात येतात, पण ग्रां-प्लास चौकाजवळचं स्थानक ‘सेंट्रल’. ‘स्टेशनपासून दोन मिनिटं’ यातलं स्टेशन कुठलं, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

रोमचं तेर्मिनी मधल्यामध्ये अडकतं. मेट्रोचे ए आणि बी मार्ग तिथेच छेदतात आणि कोलोसियम बी मार्गावरचं दुसरं स्थानक आहे. पण पँथिऑन, नव्होना चौक या भागात मेट्रो पोचतच नाही. तिथे बसने नाहीतर अर्धा तास चालत जावं लागतं. ज्यांना संध्याकाळी जुन्या गल्ल्यांतून भटकायचंय त्यांनी तेर्मिनीपाशी पैसे वाचवू नयेत. पहाटेची गाडी पकडायची असेल तर शेवटची एकच रात्र तिथे काढावी.

प्रश्न : व्हेनिसमध्ये खोल्या महाग आहेत. समोरच्या मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत राहिलं तर काय बिघडलं?

एका दिवसाची धावती भेट असेल तर काही बिघडत नाही. मेस्त्रेहून बेटावरच्या सांता लुचिया स्थानकापर्यंत ट्रेनला दहा-बारा मिनिटं लागतात. पण एक-दोन रात्री असतील तर बेटावरच राहा. दिवसाची गर्दी ओसरल्यानंतरचं आणि सकाळी आठच्या आतलं व्हेनिस हेच खरं बघण्यासारखं, आणि ते मेस्त्रेहून गाठायचं म्हणजे घड्याळाकडे बघत फिरणं आलं.

बेटावर मात्र ‘मध्यवर्ती’चा अर्थ वेगळा. इथे पूल मोजायचे. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत, म्हणजे चाकांची बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. हॉटेलला व्हापोरेत्तोबद्दल, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसबद्दल, एकच प्रश्न लिहून पाठवा : ‘जवळच्या व्हापोरेत्तोच्या धक्क्यापासून तुमच्या दारापर्यंत पूल किती?’ शून्य किंवा एक असं उत्तर आलं तर हॉटेल चांगलं. तीन आलं तर मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका.

आणखी एक. व्हेनिसमधला घरक्रमांक गल्लीप्रमाणे नसून विभागाप्रमाणे असतो. शहराचे सहा विभाग, आणि प्रत्येकात हजारो क्रमांक. नुसतं ‘कास्तेल्लो’ असं विभागाचं नाव आणि चार आकडी संख्या हातात असेल तर घर सापडणं कठीण, म्हणून हॉटेलकडून गल्लीचं नावही मागून घ्या. २०२४पासून ठराविक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मुक्कामी पाहुण्यांना, मेस्त्रेत राहणाऱ्यांनासुद्धा, ते माफ असतं. पण त्या दिवसांसाठी सवलतीचा कोड आधी ऑनलाइन घ्यावा लागतो.

प्रश्न : बरोबर आईवडील आहेत, दोघांचेही गुडघे दुखतात. ‘लिफ्ट आहे’ एवढं पुरेसं आहे का?

नाही. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते. कधी ती अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते, कधी वरच्या मजल्याच्या आधीच संपते. आत दोन माणसं उभी राहिली की बॅगेला जागा उरत नाही. हे विचारून घ्या : रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट आमच्या खोलीच्याच मजल्यावर थांबते का, आणि आंघोळीला टब आहे की जमिनीलगतचा शॉवर. टबची उंच कड ओलांडणं हे जिन्यापेक्षा अवघड जातं, आणि हे नेमकं कुणी विचारत नाही.

ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. अशा घरातलं छोटं हॉटेल फोटोत कितीही देखणं दिसलं तरी या प्रवासात नको. पॅरिसमध्ये मेट्रोच्या जुन्या मार्गांवर बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही. १४ नंबरचा मार्ग मात्र सगळीकडे लिफ्टचा आहे आणि २०२४पासून ओर्ली विमानतळापर्यंत जातो. त्या मार्गालगत हॉटेल मिळालं तर दोन पैसे जास्त द्या. नाहीतर मेट्रो विसरून बसथांब्याजवळचं हॉटेल शोधा.

प्रश्न : मध्यवर्ती भागात आवाजाचं काय? आणि खोली १२ चौरस मीटरची आहे, दोघांना पुरेल?

आवाज हा मध्यवर्ती असण्याचाच भाग आहे. बुकिंग करताना ‘आतल्या चौकाकडची खोली’ मागा. उन्हाळ्यात त्यातही मेख असते. एसी नसेल तर खिडकी उघडावी लागते, आणि चौकात तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर असेल तर रात्रभर एग्झॉस्ट पंखा ऐकत पडावं लागतं. रिव्ह्यू वाचताना सगळ्यात कमी गुण देणाऱ्यांचे, तुमच्याच महिन्यातले वाचा. फेब्रुवारीत ‘शांत’ म्हणणाऱ्याने खिडकी उघडलेलीच नसते.

आता १२ चौरस मीटर. खोली तीन बाय चारची धरू. बाथरूम त्यातच धरलं असेल तर तीन चौरस मीटर तिथे गेले. दोघांचा १६० बाय २०० सेंटिमीटरचा पलंग ३.२ खातो. कपाट, टेबल आणि दार उघडायची जागा मिळून आणखी दोन. उरले पावणेचारच्या आसपास, तेही पलंगाभोवतीच्या पट्ट्यांत विखुरलेले. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येणार नाहीत. आलटून-पालटून उघडायची तयारी असेल तर चार रात्री निघतात. क्षेत्रफळात बाथरूम धरलंय का आणि पलंग १६० सेंटिमीटरचा की १४० चा, एवढं विचारा. १४० चा असेल तर दुसरं हॉटेल बघा.

प्रश्न : इटलीत भाड्याची गाडी घेणार आहोत. जुन्या शहरातल्या हॉटेलपर्यंत गाडी नेता येते?

फ्लोरेन्स, रोम, बोलोन्यासारख्या शहरांत जुन्या भागाला ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीची हद्द असते. वेशीवर कॅमेरे असतात, अडवायला माणूस नसतो, त्यामुळे चूक झाल्याचं जागेवर कळत नाही. दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि गाडी देणारी कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे कापते. बऱ्याच ठिकाणी हॉटेल तुमचा गाडीनंबर पालिकेला कळवू शकतं. ते कधी, किती वेळासाठी आणि कुठल्या रस्त्याने, हे आधी लेखी मागून घ्या. सोपा मार्ग असा, की शहरातले दिवस आधी उरका आणि गाडी शहर सोडायच्या सकाळी ताब्यात घ्या.

प्रश्न : बुकिंग झाल्यावर हॉटेलात वेगळे पैसे मागतात का?

मागतात, आणि ते कायदेशीर असतं. शहराचा पर्यटक कर बहुधा खोलीच्या दरात धरलेला नसतो. ॲमस्टरडॅममध्ये तो २०२४पासून खोलीच्या दराच्या १२.५ टक्के आहे. रोममध्ये माणशी, प्रतिरात्र आणि हॉटेलच्या तारांकाप्रमाणे आकारतात, जास्तीत जास्त सलग दहा रात्रींसाठी. दोन हॉटेलांचे दर ताडून पाहताना हा कर मिळवूनच पाहा, नाहीतर स्वस्त वाटलेलं हॉटेल महाग निघतं. मोफत रद्द करण्याची मुदत साधारणपणे हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे संपते, तुमच्या नाही. छोट्या हॉटेलांचं रिसेप्शन रात्री बंद होतं. विमान उशिरा पोचणार असेल तर दाराचा कोड आणि किल्लीची पेटी कुठे आहे, हे निघण्याआधी मागवा आणि कागदावर लिहून ठेवा. त्या वेळी फोनची बॅटरी संपलेली असू शकते.