पर्यटकांवर जगायचं आणि त्यांच्यावरच पिचकाऱ्या मारायच्या, हा कृतघ्नपणा नाही का?

परदेशी पर्यटक वाढले की तिथल्या लोकांवर काय परिणाम होतो, हा तुमचा मूळ प्रश्न. त्यावर कोणीही उत्तर देईल. मी लिहायला बसलो ते तुम्ही खाली जोडलेल्या ओळीमुळे: जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मोर्चेकऱ्यांनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ज्यांच्या जिवावर पोट भरतं त्यांच्यावरच, हा कृतघ्नपणा नाही का?

नाही. पोट भरतं एकाचं आणि पिचकारी मारतो दुसराच.

मी सात वर्षं क्रूझ जहाजावर होतो, एक्सकर्शन डेस्कला, म्हणजे बंदरावरच्या सहली विकणाऱ्या काउंटरवर. बंदर आलं की सकाळी सातला प्रवासी थिएटरमध्ये जमायचे आणि आम्ही प्रत्येकाला छातीवर लावायला एक गोल स्टिकर द्यायचो. स्टिकरवर १४ असेल तर १४ नंबरची बस आणि १४ ची पाटी उंच धरून चालणारी गाइड. दिवसाला हजारभर स्टिकर सहज जायचे. संध्याकाळी त्यांचं काय होतं, असा विचार मी कधीच केला नव्हता.

२०१६ चा उन्हाळा, क्रोएशियातलं डुब्रॉव्हनिक. जहाजं ग्रुझ बंदरात लागतात, तिथून बसने जुन्या शहराच्या पिले वेशीपाशी. त्या दिवशी आमच्यासकट तीन मोठी जहाजं होती. मला चार तासांची सुट्टी मिळाली. मुख्य रस्त्यावर चालताना समोरच्याची पाठ सोडून काही दिसेना, म्हणून बाजूच्या एका पायऱ्यांच्या गल्लीत शिरलो. वरच्या अंगाला एक म्हातारी स्वतःच्या दाराची चौकट भाजी चिरायच्या सुरीने खरवडत उभी होती. आधी वाटलं, रंग काढतेय.

स्टिकर होते. लाल, निळे, पिवळे, एकावर एक. सहलीची माणसं दमून तिच्या पायरीवर टेकायची आणि उठताना छातीवरचा स्टिकर काढून हाताशी येईल तिथे डकवायची. एकाने सुरू केलं असणार, मग तो रिवाजच झाला. वरचे ताजे निघत होते, खालचे उन्हाने वाळून लाकडाला धरले होते. सर्वांत वर, माझ्या डोळ्यांसमोर, १४. सकाळी मीच वाटलेला.

मी काही न बोलता मदतीला लागलो. सुरी एकच होती, म्हणून गळ्यातलं जहाजाचं कार्ड काढलं आणि त्याच्या कडेने खरवडायला लागलो. कार्डाची लोगोची बाजू मात्र तळहाताकडे वळवून धरली. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. गल्लीतल्या दारांकडे सुरीचं टोक करत ती एकेक घर दाखवत गेली. दारादाराशी आकड्यांच्या कुलपाची छोटी किल्लीपेटी. अकरा बिऱ्हाडं होती म्हणे; आता ती आणि समोरचा एक म्हातारा. बाकी सगळी भाड्याने, चार रात्रींची. घरमालक राहतात दुसरीकडे. आजारी पडलं तर दार कोणाचं वाजवायचं, हा तिचा प्रश्न होता. मग तिने विचारलं, "तू कुठल्या जहाजाचा?"

मी म्हटलं, जहाजाचा नाही, हॉटेलात उतरलोय.

रात्री क्रू मेसमध्ये हे सांगितलं. गँगवेच्या, म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याच्या वाटेच्या, सिक्युरिटीला एक सिनिअर होते, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. दादांचं ठरलेलं वाक्य: "आपण नसतो तर यांनी खाल्लं काय असतं?" मी डेस्कला असल्यामुळे मला हिशोब ठाऊक होता, तो मांडला. प्रवासी झोपतो जहाजावर. सकाळी पोटभर खाऊन उतरतो आणि पाचच्या आत परत जेवायला येतो. सहल जहाजावरच विकत घेतो, त्यातला मोठा वाटा तिथेच राहतो. उरलेलं बसवाल्याला, गाइडला, तिकीटखिडकीला, दुकानदाराला. बंदराची फी बंदराला. त्या म्हातारीला काय मिळालं? १४ नंबर. दादा हसले आणि म्हणाले, "मग विकून टाकायचं ना घर, चांगला भाव आलाय." मला त्या रात्री उत्तर सुचलं नाही. आज सुचतं: दादा, सगळ्यांनी तेच तर केलं, म्हणून ती एकटी उरली.

व्हेनिसमध्येही हेच झालं. जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. जूनमध्ये, २०१९ साली, ज्युडेका कालव्यात एक अजस्र जहाज धक्क्याला आणि एका पर्यटक बोटीला धडकलं, तेव्हा कुठे सरकार हललं आणि ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना त्या कालव्यात बंदी आली. २०२४ मध्ये दिवसभरापुरत्या येणाऱ्यांना गर्दीच्या ठराविक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. ते मला हास्यास्पद वाटतं. शहराला तिकीट लावलं की शहराचं संग्रहालय झालंच.

बार्सिलोनाचं धोरण जास्त प्रामाणिक आहे: पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत, असं तिथल्या महापौरांनी जाहीर केलंय. खरी जखम भाड्याची आहे. गर्दी, कचरा, आवाज एक वेळ सोसवतो. पण तीच खोली पर्यटकाला रात्रीच्या हिशोबाने देऊन महिन्याच्या भाडेकरूपेक्षा कितीतरी जास्त मिळत असेल, तर नर्स, शिक्षक, वेटर यांनी राहायचं कुठे? पिचकाऱ्या घेऊन उतरले ते हे लोक.

आता दादांची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. व्हेनिस काही एकट्या पर्यटकांनी रिकामं केलं नाही. १९६६ च्या मोठ्या पुरानंतर तळमजल्यावरची कितीतरी माणसं कायमची मुख्य भूमीवर गेली. कोरडी आणि स्वस्त घरं तिकडेच होती. आणि २०२० मध्ये जगभरातला आंतरराष्ट्रीय प्रवास जवळपास तीन चतुर्थांशाने घटला, तेव्हा गाइड, बसवाले, आमच्यासारखे जहाजावरचे, सगळेच घरी बसलो. तेव्हा गल्ल्यांमध्ये शांतता होती आणि खिशातही. त्यामुळे "पर्यटन बंद करा" असं मी म्हणत नाही. डुब्रॉव्हनिकनेही बंद केलं नाही. एका वेळी दोनच जहाजं आणि चार हजारच प्रवासी, एवढी मर्यादा घातली. ते जमू शकतं, फक्त कोणीतरी "नाही" म्हणायला लागतं, आणि तो माणूस बहुधा कमिशन खाणारा नसतो.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर चार तासांत शहर "करून" येऊ नका. दोन रात्री मुक्काम करा, हॉटेलात करा, किल्लीपेटीवाल्या घरात नको. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसू नका. छातीवर कोणी नंबर चिकटवला तर तो कचऱ्याच्या डब्यात टाका.

परवा आमच्या जुन्या क्रूच्या ग्रुपवर दादांनी तोच पिचकाऱ्यांचा व्हिडिओ टाकला, खाली तेच वाक्य. मी तिथे उत्तर लिहिलं आणि खोडलं. ते इथे लिहितोय, कारण दादा हे वाचत असतील अशी शक्यता आहे. दादा, त्या दिवशी गँगवेवर माझं कार्ड मशीन घेत नव्हतं, कड फाटली होती. तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हटलं खिशात वाकलं. नव्हतं वाकलं.