नवीन फ्लॅट घेतलाय, वास्तुशांत आणि गृहप्रवेश एकच का?

नाही हो, वेगवेगळं आहे. गृहप्रवेश म्हणजे कलश घेऊन उंबरठा ओलांडायचा, गॅसवर दूध उतू घालायचं, झालं. वास्तुशांत मोठी, त्यात होम असतो, ग्रहांची पूजा असते, आणि मूळ हेतू असा की घर बांधताना जमीन खणली, झाडं तोडली, किडेमुंग्या मेल्या, त्याचं परिमार्जन. वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा बहुतेक जण आग्नेय कोपऱ्यात पुरतात, म्हणून टाइलवाल्याला आधीच सांगा तिथली एक लादी मोकळी ठेव म्हणून, आम्ही विसरलो आणि गुरुजी समोर बसलेले असताना नवीकोरी लादी फोडावी लागली, बायको अजून ऐकवते 😅 भाड्याचं घर असेल तर नुसती सत्यनारायणाची पूजा केली तरी चालते.