नकाशा की मानचित्र?

प्रश्न दोन आहेत. 'नकाशा' हा परभाषेतला, म्हणून तो टाकून 'मानचित्र' लिहावे का? आणि भिंतभर पसरलेल्या जगाच्या नकाशाला 'मोठ्या प्रमाणाचा नकाशा' म्हणावे का?

नकाशाच लिहा. मानचित्र हिंदीत रुळले आहे, तिथे ते शोभते.

'नक्षी'त 'क्ष' दिसला की तिला थेट 'नक्षत्रा'शी नेऊन जोडणारी मंडळी अजून भेटतात, आणि मग नकाशाही संस्कृतच ठरतो. हे साफ चूक आहे. परक्या शब्दातला क्श, ख्श मराठीच्या तोंडी 'क्ष' होतो. जपानी रिक्शाची आपण रिक्षा केली, फारसी बख्शीशचे बक्षीस केले. त्यांचे धातू कुणी पाणिनीत शोधत नाही. नक्षी, नक्काश, नकाशा ही सगळी न-क-श या अरबी धातूची लेकरे आहेत आणि ती फारसीमार्गे आपल्याकडे आली. धातूचा अर्थ कोरणे, रंगवणे, ठसा उठवणे. 'त्याचा नक्षा उतरवला' यातला नक्षाही त्यातलाच. माझ्या मते तिथे ठशाचा अर्थ आहे: माणसाने चारचौघांत स्वतःची जी छाप उठवलेली असते, ती पुसली जाते.

आता मला या शब्दात खरी गोडी कुठे वाटते ते सांगतो. लॅटिनमध्ये 'माप्पा' म्हणजे कापड, हात पुसायचा रुमाल. 'माप्पा मुंडी' म्हणजे जगाचे कापड, आणि इंग्रजी मॅप त्यातूनच आला. चार्ट आणि कार्टोग्राफी (नकाशाशास्त्र) यांच्या मुळाशी ग्रीक 'खार्तेस', म्हणजे पपायरसचा ताव. म्हणजे युरोपने लक्षात ठेवले ते कापड आणि कागद. आपल्या शब्दाने लक्षात ठेवला तो कोरणारा हात. जगाच्या नकाशाला नवे वळण देणारा गेरार्डुस मर्केटर (१५१२–१५९४) कोण होता? तांब्यावर कोरणारा कारागीर, शब्दशः नक्काश! आजच्या बेल्जियममधल्या लूव्हाँ येथे गणितज्ञ गेमा फ्रिसियसच्या पृथ्वीगोलासाठी त्याने अक्षरे कोरली. पुढे तिरप्या इटालिक अक्षरांवर १५४० मध्ये पुस्तिका काढली, कारण नकाशावर नावे सुवाच्य बसली पाहिजेत हा त्याचा ध्यास होता. १५६९ चा त्याचा प्रसिद्ध जागतिक नकाशा १८ तावांचा. खलाशाने एकच होकायंत्री दिशा धरली तर तिची रेघ कागदावर सरळ यावी म्हणून त्याने अक्षवृत्तांमधले अंतर ध्रुवांकडे वाढवत नेले, आणि हे सगळे पत्र्यावर आरशातल्यासारखे उलटे कोरायचे! अशा वस्तूला 'नकाशा' याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत आहे ते दाखवा.

परिभाषेचा आग्रह धरणारे म्हणतात, मानचित्रात 'मान', म्हणजे मोजमाप आहे, म्हणून ते शास्त्रीय. मग १३०० च्या सुमाराच्या, इंग्लंडमधल्या हेरेफर्डच्या नकाशाचे काय करायचे? एका अख्ख्या कातड्यावर जग काढले आहे, पूर्व वर, जेरुसलेम मध्यभागी, आणि मोजमापाचा पत्ता नाही. चित्र आहे, मान नाही. दुसऱ्या टोकाला जर्मन भूगोलतज्ज्ञ आल्ब्रेख्त पेंकने १८९१ मध्ये बर्नच्या भूगोल परिषदेत मांडलेली आंतरराष्ट्रीय नकाशामाला घ्या. सगळे जग १ : १०,००,००० या एकाच प्रमाणावर, एकाच चिन्हपद्धतीने, प्रत्येक पत्रक चार अंश अक्षांश आणि सहा अंश रेखांशांचे. नियम ठरायला १९०९ ची लंडनची आणि १९१३ ची पॅरिसची परिषद लागली, १९५३ मध्ये काम संयुक्त राष्ट्रांकडे गेले, आणि तरी माला पुरी झालीच नाही. तिच्या क्रमांकपद्धतीत मुंबई, पुणे, सोलापूर ही तिन्ही 'एनई ४३' या पत्रकात येतात. पणजी खालच्या 'एनडी ४३' मध्ये, नागपूर 'एनएफ ४४' मध्ये. ही माला म्हणजे निव्वळ मान. हेरेफर्डचे कातडे आणि पेंकचे पत्रक दोन्ही बिनतक्रार पोटात घेणारा शब्द नकाशा हाच, कारण फारसीत नक्काश कोरतो तसा रंगवतोही.

राहिले प्रमाण. 'मोठ्या प्रमाणावर' म्हणजे पुष्कळ, हा बोलण्यातला अर्थ इथे घुसतो आणि घोटाळा होतो. नकाशाचे प्रमाण हा अपूर्णांक आहे, वर कागदावरचे अंतर, खाली जमिनीवरचे: छेद वाढला की प्रमाण लहान. पुण्यातले दहा किलोमीटर १ : ५०,००० च्या टोपोशीटवर (स्थलदर्शक नकाशावर) वीस सेंटिमीटर भरतात, पेंकच्या पत्रकावर एक सेंटिमीटर, आणि विषुववृत्तावर दोन मीटर रुंद असलेल्या जगाच्या नकाशावर जेमतेम अर्धा मिलिमीटर. भिंतीवरचा तो अवाढव्य नकाशा लघुप्रमाण, हातातली टोपोशीट बृहत्प्रमाण. शाळेच्या भूगोलात हे दोन्ही शब्द आहेत; तेच वापरा.