तीन वर्षांच्या मुलीला समुद्र दाखवताना

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या मुलीने अजून समुद्र पाहिलेला नाही. जानेवारीत शनिवार-रविवार गुहागरला जाण्याचा विचार आहे. परंतु सासूबाईंना प्रवास आणि पाणी दोन्ही धोक्याचे वाटतात. काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सासूबाईंची काळजी रास्त आहे. लातूर ते गुहागर हे अंतर ४०० किलोमीटरांहून अधिक असून शेवटच्या टप्प्यात कुंभार्ली घाट उतरावा लागतो, जिथल्या वळणांवर लहान मुलांना मळमळण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे शुक्रवारी निघून कराडला मुक्काम करावा आणि सोमवारची रजा काढावी. हे सगळे दोन दिवसांत बसवणे म्हणजे मुलीचे हाल करणे होय, असे मला मनापासून वाटते.

पाण्याबाबत मात्र कसलीही सूट नको. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते, या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. म्हणून स्थानिकांना विचारूनच किनाऱ्यावर उतरावे. आपल्याकडचे तळ्याचे पाणी स्थिर असते, समुद्राची लाट मात्र परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि घोटाभर पाण्यातही मूल कोलमडते. तिचा हात एका मोठ्या माणसाने सतत धरलेला असावा. छायाचित्रे दुसऱ्या कोणी काढावीत. सकाळी दहाच्या आत खेळ आटोपून गोड्या पाण्याने अंघोळ घालावी, नाहीतर मिठाने अंग चुरचुरते.

सासूबाईंनाही अवश्य सोबत न्या. कोरड्या वाळूत खोपे करायला नातीला आजीच हवी असते.