दिवसा 'बॅटरी फुल', लाइट गेली की वीस मिनिटांत अंधार. दोन्ही बॅटऱ्या बदलू का?

तुमचं म्हणणं असं: कोथरूडला घर, गच्चीवर 1 किलोवॉटची पॅनल्स, 24 व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर, 150 एएचच्या (अँपियर-तास) दोन 12 व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटऱ्या, वय तीन वर्षं. दिवसभर 'फुल' दिसतं. लाइट गेली की वीस मिनिटांत, फ्रिज सुरू होताच, इन्व्हर्टर बीप करून मान टाकतो. दुकानदार म्हणतो दोन्ही बदला.

एवढ्यात बदलू नका. मी धायरीला राहतो, इलेक्ट्रिशियन नाही. पण दोन पावसाळ्यांपूर्वी मलाही हेच ऐकवलं होतं आणि मी जवळजवळ पैसे मोजले होते.

आधी त्या 'फुल'चं. ऊन असताना इन्व्हर्टर 28 व्होल्टच्या आसपास दाखवतो, तो चार्जिंगचा व्होल्टेज आहे, बॅटरीचा नव्हे. पॅनल आणि मेन्स (बाहेरून येणारी लाइट) दोन्ही बंद करून, लोड न टाकता, म्हणजे काहीच न चालवता, दोन-तीन तास थांबा आणि मग एकेका बॅटरीचे व्होल्ट मोजा. 12.6-12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. पण हे विश्रांतीतले आकडेही अर्धंच सांगतात. खरं काय ते लोडखाली कळतं.

माझ्याकडे विश्रांतीत दोन्ही 12.6 होत्या. मग दोन पंखे, टीव्ही, फ्रिज असा साधारण 400 वॅटचा लोड चालू ठेवून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला साधा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावला. बॅटऱ्यांच्या शिशाच्या टर्मिनलवर 12.1 आणि 12.2, म्हणजे 24.3. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मात्र 22.1! मधले 2.2 व्होल्ट गेले कुठे?

मीटर 2 व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवला. एक टोक शिशाच्या टर्मिनलवर, दुसरं त्याच टर्मिनलवरच्या केबलच्या थिंबलवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. तीन ठिकाणी तसंच आलं. चौथ्या ठिकाणी, दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या आखूड केबलच्या थिंबलवर, जवळपास 2 व्होल्ट! वरून सगळं चकचकीत. नट उघडला तर खाली हिरवट-पांढरी पूड. वीस अँपियर त्यातून जाताना चाळीसेक वॅट उष्णता तिथेच, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना करंट कितीतरी वाढतो, मग इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. केबल नवी टाकली, टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, सुकवून व्हॅसलीन लावलं. चारशे रुपयांत काम झालं.

तुमच्याकडे लोडखाली एक बॅटरी 12.2 आणि दुसरी 10.8 दिसली, तर मात्र दोष बॅटरीतच. पूर्ण चार्जिंगनंतर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) सहाही सेल बघा. पाच सेल 1.240 च्या जवळ आणि एकच 1.150 असेल तर तो सेल मेला. एकच बॅटरी बदलायचा मोह होईल, पण सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली, जुनी-नवी जोडी फार दिवस नांदत नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नको.

एक सांगायचं राहिलं, आणि हे वाचल्याशिवाय हात लावू नका: ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत व्होल्टेज असतोच, इन्व्हर्टर बंद केला तरी. नट खोलायच्या आधी लोड बंद, मग पॅनलचा डीसी एमसीबी (पॅनलच्या वायरीवरचा स्विच), मग मेन्स आणि इन्व्हर्टर. केबल काढताना निगेटिव्ह आधी. अंगठी-कडं काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, खिडकी उघडी ठेवा. थिंबल वितळलेलं किंवा बॅटरी फुगलेली दिसली तर स्वतः काही करू नका, जाणकार बोलवा.

लोडखालचे आकडे घ्यायला मुद्दाम मेन्स बंद करायची गरज नाही. लाइट गेली की, ऊन असेल तर पॅनलचा एमसीबी बंद करून, मीटर घेऊन बसा, आणि चारही थिंबलचे आकडे इथे लिहा.