माल भरला की फ्यूज उडतो, रिकामी असली की नाही

प्रश्न : माझी 15 वर्षं जुनी डिझेल पिकअप आहे, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो नेतो. महिनाभर झाला, पार्किंग-टेललाइटचा 10 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतोय. गाडी रिकामी असली की दोन दोन दिवस काही होत नाही, माल भरून खड्ड्यात आदळली की गेलाच. मग मागे अंधार, मीटरचे लाइटपण बंद. एकाने बॅटरी बदला म्हणून सांगितलं. शेवटी 30 चा फ्यूज टाकला, तो उडत नाही पण डॅशबोर्डखालून जळका वास येतो. काय करू?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, आधी तो हिरवा 30 चा फ्यूज काढा, आजच काढा, बाकीचं नंतर वाचा. फ्यूज वायरला वाचवायला असतो. त्या लाइनची वायर बारीक, तिच्यातून 30 अँपिअर गेला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापून वितळते, तुम्हाला येतोय तो वास त्याचाच. आणि तुम्ही भरल्या गाडीने जाता, काळजी वाटते म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आता हिशोब बघा. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक असे 5 वॅटचे पाच बल्ब, वर मीटरचे बारके, सगळे मिळून 30 वॅटच्या आसपास, म्हणजे 12 व्होल्टला अडीच अँपिअर. 10 चा लाल फ्यूज चौपट मोठा झाला. तरी तो उडतोय म्हणजे कुठंतरी वायर सोलून बॉडीला लागतीय, म्हणजे शॉर्ट होतीय, बॅटरीचा काही संबंध नाही, त्यात पैसे घालू नका.

शोधायला फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी त्या दोन खाचांत लावा. शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे वायर जळत नाही, निवांत शोधता येतं. पण आधी त्या लाइनचे पुढचे-मागचे, नंबरप्लेटचा सगळे बल्ब काढून ठेवा, नाहीतर फसाल. थंड बल्बची फिलामेंट मल्टिमीटरवरसुद्धा जवळजवळ शॉर्टसारखीच दिसते, बीप वाजला की माणूस चांगली वायर कापून बसतो, हे मी फार बघितलंय. मग पार्किंगचा स्विच ऑन करा. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आत्ता चालू आहे, अगदी मंद पेटला तर ते मीटरचे बल्ब, सोडून द्या.

तुमचा बल्ब बहुतेक पेटणारच नाही, कारण गाडी रिकामी उभी असेल. दोन-तीन जणांना हौद्यात चढवून उड्या मारायला लावा किंवा भरल्या गाडीवरच करा, एकाने बल्बकडे बघत बसायचं. पेटला की केबिनच्या मागचा, मागे जाणाऱ्या वायरिंगचा कपलर (जोडणीचा प्लग) सोडा. विझला तर फॉल्ट मागे, नाही विझला तर पुढचे पार्किंग आणि डॅशबोर्ड बघा.

वजन पडल्यावरच उडतोय म्हणून माझा संशय मागच्या एक्सलच्या वर आहे. तिथं चासी वर उचललेली असते, माल भरला की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, हौद्याची आडवी पट्टी आणि चासी यांच्यामध्ये वायरिंग चेपतं, नाहीतर क्लिप तुटून खाली लोंबतं आणि कडेवर घासतं. हात घालून पूर्ण लांबी चाचपा, चिखल धुऊन काढा, नुसतं वरून बघून दिसत नाही. दुसरी जागा फाळका, नंबरप्लेटच्या लाइटची वायर तिथून जात असेल तर उघडझाप करून आतल्या आत तुटते. स्टेपनीची साखळी वायरला घासतीय का तेही बघा. आणि हौद्यावर कधी जाळी किंवा हूक वेल्डिंग करून घेतला असेल तर पहिलं तिथंच बघा, वेल्डिंगच्या आचेनं मागच्या बाजूची वायर वितळलेली असते आणि वरून रंग मारलेला असतो. म्युझिक सिस्टिम, एलईडी पट्टी असलं काही पार्किंगच्या वायरला टोचून जोडलं असेल तर तेही सोडून बघा.

सापडलं की बॅटरीची निगेटिव्ह काढून खराब तुकडा कापा, सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा आणि वायरिंग नालीदार पाइपात घालून कडेपासून लांब क्लिपने बांधा. नुसती टेप लावू नका, एका पावसाळ्यात सुटते.

मग डॅशबोर्डखालची ती वास येणारी वायर. फॉल्ट मागे सापडला तरी ही तशीच सोडू नका, फ्यूजबॉक्सपासून स्विचपर्यंत उघडून बघा, जिथं कव्हर कडक झालंय किंवा शेजारच्या वायरीला चिकटलंय तेवढा तुकडा त्याच जाडीच्या नव्या वायरचा टाका. त्यानंतर लाल 10 चा फ्यूज लावून भरल्या गाडीने एक फेरी मारा.