गाणी ऐकायला जुना आयपॉड क्लासिक घ्यावा की सान्सा क्लिप प्लस हा छोटा प्लेअर? माझी बहुतेक गाणी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता गाणी साठवणाऱ्या फाइल प्रकारात) आहेत.

क्लिप प्लस घ्या. तो फ्लॅक थेट वाजवतो, मायक्रोएसडी कार्ड घेतो आणि संगणकाला जोडून फोल्डर ओढून टाकला की झालं. क्लासिकला फ्लॅक चालत नाही. सगळी गाणी आधी एएलएसीमध्ये, म्हणजे ॲपलच्या तशाच फाइल प्रकारात बदला, मग ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्राममधून चढवा. आवाज तोच राहतो, पण वेळ जातो तो जातोच. शिवाय क्लासिकमध्ये फिरती हार्ड डिस्क असते, आणि 2014 साली बंद झालेल्या प्लेअरमध्ये तिचा भरवसा किती धरणार? मात्र संग्रह अवाढव्य असेल, तर क्लिपच्या इंचभर स्क्रीनवर गाणं शोधताना जीव मेटाकुटीला येतो. तिथे 160 जीबीचा क्लासिक आणि त्याचं ते गोल चाकच बरं.